शेजारच्या खाटेवरून

आई: "आदरणीय व्यासपीठ" वगैरे मी म्हणणार नाही. चाळीस वर्षं ज्यांच्या शेजारी बर्नर पेटवून बसले, त्यांना एकदम आदरणीय म्हटलं तर त्यांना वाटेल, डॉक्टरांनी फुप्फुसाबरोबर डोक्याचाही एक तुकडा काढून घेतला.

लेक: बरं, नको म्हणूस. पण सुरुवात तर करशील? उद्या सकाळी दहाला कार्यक्रम आहे आणि तू मघापासून नुसता घसा साफ करतेयस.

आई: घसा साफ केला तरी हल्ली तुझे कान टवकारतात.

लेक: टवकारणारच.

आई: समोर बस. तू म्हणजे आमची सगळी काचशाळा, असं समज. कारागीर, शिकाऊ मुली, मॅनेजर साहेब, सगळे. आणि मध्ये मध्ये बोलायचं नाही.

लेक: काचशाळेत मध्ये कोणी बोलत नाही का?

आई: मी बोलत असताना नाही. ऐक. "मंडळी, सुरक्षा सप्ताहात दरवर्षी तुम्ही ऐकता, चष्मा लावा, हातमोजे घाला, गॅसची नळी तपासा. ते ऐकायचंच. पण आज मी माझ्या सुनेबद्दल बोलणार आहे."

लेक: सुरक्षा सप्ताहात सुनेबद्दल? लोकांना वाटेल आता गाऱ्हाणं येणार.

आई: म्हणून तर तसं सुरू केलंय. मागच्या रांगेत डुलक्या घेणारेसुद्धा सरळ बसतील. पुढे. "तुम्ही मला ओळखता. या काचशाळेत बर्नरवर बसलेली पहिली बाई मी. पहिल्या दिवशी उस्ताद म्हणाले होते, बाईच्या छातीत एवढा वारा कुठला. मी लिटरभराचा काचेचा चंबू एका दमात फुगवून त्यांच्या पुढ्यात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून शिकाऊ पोरांना माझ्याकडे पाठवायला लागले."

लेक: भाषण वहिनीबद्दल होतं ना?

आई: येते, येते. माझा तोरा कळल्याशिवाय तिचं मोठेपण कसं कळेल? "आयुष्यात विडी-सिगारेटला हात लावला नाही. चाळीस वर्षांत आजारपणाची रजा नऊ दिवस. माझ्या छातीची मला घमेंड होती, आणि ती मी कमावलेली होती. माझा मुलगा जहाजावर असतो, सहा-सहा महिने घरी नाही. तो समुद्रावर गेला की मी आणि सून एकाच खोलीत झोपतो. दोन खाटा, मध्ये हातभर जागा. एकटीला झोप येत नाही म्हणून. पण हे दोघींपैकी एकीनेही आजवर कबूल केलेलं नाही."

लेक: उद्या सगळ्यांसमोर कबूल होणार म्हणजे.

आई: होऊ दे. "सून छापखान्यात मुद्रितं तपासते. पुस्तक छापायच्या आधी त्यातल्या चुका हुडकायच्या. सुटलेला काना, चुकलेली वेलांटी, काही म्हणजे काही तिच्या नजरेतून निसटत नाही. बोलणं मात्र मोजून-मापून. गेल्या थंडीत एके सकाळी चहा ओतता ओतता म्हणाली, आई, तुम्ही रात्री खोकता. मी म्हटलं, मी? मी कुठे खोकते?" आणि खरं सांगते तुला, मला ठाऊकच नव्हतं. दिवसभर काही नाही. आडवी पडून डोळा लागला की यायचा. कोरडा, तीन-चार उबळी, आणि परत झोप. जागसुद्धा यायची नाही.

लेक: हे असंच सांग उद्या. जागसुद्धा यायची नाही, हे.

आई: सांगते. "मी तिला म्हटलं, अगं, थंडी आहे, काचेची धूळ आहे, वय आहे. तिनं कप पुढे सरकवला. मला वाटलं, पटलं. तिला पटलं नव्हतं, ती बघत होती. आठवड्याने म्हणाली, तुम्ही जन्मभर डाव्या कुशीवर झोपता, आता उजव्या कुशीवर वळता आणि पाठीला उशी ओढून घेता. मग म्हणाली, अभ्रा मानेजवळ ओला असतो, थंडीत, पंखा बंद असताना. मग म्हणाली, श्वास सोडताना छातीत बारीक शिट्टी वाजते, सर्दी नसताना. झोपेत डावा खांदा धरून ठेवता, हेही तिनंच सांगितलं." खांद्याचं दुखणं मात्र कामामुळेच निघालं बरं का. डॉक्टर म्हणाले, खांद्याचा याच्याशी संबंध नाही, चाळीस वर्षं फुंकायची नळी उचलून धरल्याचं ते बक्षीस आहे.

लेक: ते भाषणात नको.

आई: का नको? तिनं पाहिलेलं सगळंच खरं ठरलं असं सांगितलं तर ती भविष्य सांगणारी वाटेल. ती काही भविष्य सांगणारी नाही. तिनं पाहिलं आणि ज्याला कळतं त्याच्याकडे नेलं. एवढंच. आणि एवढंच मोठं आहे.

लेक: बरं. पुढे.

आई: "मग आम्ही कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती तपासली, खोकल्याचं औषध आणि पित्ताच्या गोळ्या दिल्या. म्हणाले, कमी नाही झालं तर दोन आठवड्यांनी या. खोकला कमी झाला नाही. मी गेले नाही. असेच काही दिवस गेले. मग सून..."

लेक: थांब. असेच काही दिवस म्हणजे किती?

आई: काही दिवस म्हणजे काही दिवस. भाषणात कोण तारखा सांगतं?

लेक: मधे एक फोन झाला होता, आई. तो तू गाळलास.

आई: कुठला फोन?

लेक: वहिनीनं मला केलेला. मी दुकानात होते, समोर गिऱ्हाईक उभं होतं. तिनं मला हे सगळं सांगितलं, अभ्रा, शिट्टी, कूस, सगळं. आणि मी म्हटलं, वहिनी, मी औषधं विकते, मला रोज असे वीस खोकले दिसतात. धूळ आहे, पित्त आहे. मी चांगलं सिरप पाठवते. आणि आईला उगाच आजारी करून ठेवू नकोस.

आई: बाई गं, तू इतक्या लांबून...

लेक: मी बोललेलं वाक्य मला पाठ आहे. सिरपची बाटली पाठवली, त्यात तीन आठवडे गेले. तू गाळलेले काही दिवस ते हेच.

आई: माझ्या लेकीला मी चारचौघांत उभी करणार नाही.

लेक: स्वतःला उभी करणार आहेस की नाही? तू तिला काय बोललीस, ते आहे का भाषणात?

आई: ते आहे. ते पहिल्यांदा लिहिलं मी. ऐक. "ती पुन्हा डॉक्टरांचं नाव काढायला लागली, तेव्हा मी भडकले. म्हटलं, माझा मुलगा तिकडे समुद्रावर, आणि तू इथे माझ्या झोपेवर पहारा देतेस? खोली हवी असेल तर सरळ सांग, मी बाहेरच्या खोलीत झोपते."

लेक: आई.

आई: बोलले खरी. जीभ आहे ना, बर्नरसारखी, पेटली की पेटली. आणि गेले बाहेर झोपायला. तिनं काय करावं? रडली नाही, माहेरी फोन नाही, नवऱ्याला तक्रार नाही. आपली गादी उचलली आणि माझ्या शेजारी येऊन जमिनीवर झोपली. मी तोंड फिरवलं. सकाळी तिनं फोन माझ्या कानाला लावला. म्हणाली, आई, हा आवाज ऐका. कशाचा आहे ते विचारू नका, नुसता ऐका.

लेक: म्हणजे तिनं तुझा श्वास फोनमध्ये टिपून ठेवला होता?

आई: मला ते कुठे ठाऊक? मी कारागिराच्या कानानं ऐकला. आत जाताना ठीक. बाहेर येताना एकच बारीक सूर, शेवटाला चिरका. मी म्हटलं, ही नळी कुठेतरी अरुंद झालीय. नाहीतर आत काहीतरी अडकलंय. पुरी मोकळी नळी अशी वाजत नाही. ती म्हणाली, नक्की? मी म्हटलं, अगं, चाळीस वर्षं पोरांना हेच शिकवतेय, मला विचारतेस नक्की का? तेव्हा ती म्हणाली, आई, ही नळी तुमची आहे.

लेक: हे तू मला कधीच सांगितलं नव्हतंस.

आई: ऑपरेशनच्या वेळी आलीस तेव्हा तू नुसते रिपोर्ट वाचत होतीस. असो. त्या सकाळी मी चप्पल घातली, तडक कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे. डॉक्टर म्हणाले, आता कसं वाटतंय? मी सवयीनं म्हटलं, छान. तर ही बाई, जी दुकानात सुट्टे मागायलासुद्धा लाजते, ती त्यांना म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही यांना जाग्या बघता. मी यांना झोपलेल्या बघते." आणि फोन पुढे केला.

लेक: मग?

आई: भला माणूस, त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, अशा खोकल्यामागे बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी साधं असतं, घाबरू नका. पण तीन आठवड्यांवर गेलाय, तर छातीचा एक्स-रे काढायलाच हवा, हे मीच आधी म्हणायला हवं होतं. एक्स-रेवर डाव्या बाजूला खाली छोटासा डाग. मग स्कॅन, मग दुर्बीण, मग तुकडा तपासायला. द्राक्षाएवढी गाठ, श्वासनळीच्या फांदीत बसलेली. कॅन्सर. पण कुठे पसरलेला नाही. ऑपरेशनवाल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इतक्या लवकर कशा आलात तुम्ही? पुष्कळांना या टप्प्यावर काही जाणवतच नाही. मी म्हटलं, मलाही नाही जाणवलं. हिला जाणवलं. आणि सुनेला दंडाला धरून पुढे ओढली. मला तेव्हा ऑपरेशनची भीती वाटायला हवी होती, पण छाती अशी फुगली होती म्हणून सांगू.

लेक: तिच्या कौतुकानं?

आई: नाहीतर काय, द्राक्षानं? ऑपरेशनला चार महिने झाले. फुप्फुसाचा खालचा एक भाग गेला. दर तीन महिन्यांनी तपासणी. आणि परवा काचशाळेत अर्ध्या लिटरचा चंबू केला. दोन दम लागले, पण गोल असा आला की शिकाऊ पोरी हातात घेऊन फिरवून बघत होत्या.

(दाराची कडी वाजते. सून आत येते. खांद्याला पिशवी, हातात मुद्रितांचा गठ्ठा.)

सून: आई, जिन्यापर्यंत ऐकू येतंय. अर्धं भाषण शेजाऱ्यांचं ऐकून झालं.

आई: ऐकू दे. चांगला खणखणीत आवाज आहे ना? आवाज घोगरा झाला तर सांगा, असं डॉक्टरांनीच सांगितलंय.

सून: आवाज ठीक आहे. पण चंबूला तीन दम लागले होते, दोन नाही. तुम्हीच सांगितलं होतंत परवा.

लेक: बघ, आली तपासनीस.

आई: तीन तर तीन. बस इथे. उद्या पहिल्या रांगेत बसायचंस. मी नाव घेतलं की उठून उभं राहायचं, आणि मान खाली घालायची नाही.

सून: मी येईन. पण भाषणात मला गाळा ना, आई.

आई: तुला गाळलं तर उरतं काय? मी खोकले आणि बरी झाले?

सून: सांगा की घरातल्या माणसाच्या लक्षात आलं. घरातलं माणूस पुरे.

आई: हे बघ, मी चाळीस वर्षं स्वतःची फुशारकी मारली. आता एकदा दुसऱ्याची मारतेय, तर तीही मारू देत नाहीस. लोकांना कळू दे की माझ्या घरात कोण राहतं.

सून: ते मला नाही झेपायचं.

लेक: वहिनी, का गं? लाजतेस म्हणून?

सून: लाजत नाही, ताई. ते कौतुक पूर्ण खरं नाही म्हणून. आईंना वाटतं, मी हुशार म्हणून मला ऐकू आलं. तसं नाहीये. तो आवाज मी आधी एकदा ऐकला होता.

आई: कुठे?

सून: घरी. माझे वडील टपाल वाटायचे. रोज सायकल, ऊन-पाऊस काही असो. मी सोळा वर्षांची होते, दहावीचं वर्ष. आम्ही दोघं पुढच्या खोलीत झोपायचो. ते असेच झोपेत खोकायचे, आणि मग शिट्टी वाजायची. माझा अभ्यास व्हायचा नाही, झोप मोडायची. मी माझ्या आईला म्हटलं, मला आतल्या खोलीत झोपू दे. आणि आत गेले. मधलं दार लावून घ्यायचे.

आई: तू कधी बोलली नाहीस.

सून: सहा महिन्यांनी त्यांना दवाखान्यात नेलं, तेव्हा करण्यासारखं फार उरलं नव्हतं. तिथे डॉक्टरांनी विचारलं, रात्री खोकला किती दिवसांपासून आहे? आईनं माझ्याकडे बघितलं. मला तारीख माहीत होती. परीक्षेच्या वेळापत्रकावर मी खूण करून ठेवली होती, कधीपासून आत झोपायला लागले त्याची.

लेक: सोळा वर्षांच्या मुलीला काय कळणार, वहिनी?

सून: सगळे तेच म्हणाले. म्हणून उद्या टाळ्या वाजल्या तर मला त्यांचं काय करायचं ते समजणार नाही.

आई: माझ्याकडे बघ. म्हणजे त्या दिवशी मी बाहेर झोपायला गेले, आणि तू गादी घेऊन मागोमाग आलीस...

सून: मधे दार आलं असतं ना.

आई: आणि मी तुला म्हटलं होतं, खोली हवी असेल तर सांग.

सून: ते मी विसरले.

आई: तू काना-मात्रा विसरत नाहीस, ते कसं विसरशील? नको विसरूस. मी ते भाषणात ठेवलंय, तसंच राहील. आणि आता ऐक. मी अशिक्षित नाही, पण तुझ्यासारखी वाचणारीही नाही. मला एवढं कळतं की एकदा तडा गेलेला माणूस दुसऱ्यांदा त्या जागी हात लावायला घाबरतो. तू हात लावलास. नुसती हुशार असतीस तर मला तुझं कौतुक वाटलं असतं. आता मला तुझा अभिमान वाटतोय. दोन्हींत फरक आहे, तो तूच मला समजावून सांगितला असतास एरवी.

सून: आई, पाणी प्या. एका दमात एवढं बोलू नका.

आई: बोलेन. अजून एवढा दम आहे माझ्यात. तुझ्या वडिलांचं सांगायचं की नाही, ते तू ठरव. तुझं आहे ते.

सून: सांगा. टपाल वाटायचे, एवढंही सांगा. त्यांना त्या सायकलीचा फार अभिमान होता.

लेक: मग माझा फोनही घाल, आई.

आई: पुन्हा तेच?

लेक: घाल. लेक औषधाच्या दुकानात बसते आणि तिनं सिरप पाठवलं, असं सांग. लोकांना ते पटेल, कारण त्यांनीही तेच केलं असतं. वहिनी, मी तुला तेव्हा जे बोलले...

सून: ताई, खरं सांगू? तुम्ही पित्त म्हणालात तेव्हा मला हायसं वाटलं होतं. फोन ठेवला आणि दोन रात्री मी छान झोपले. तुम्ही एकट्या नव्हतात त्यात.

लेक: तिसऱ्या रात्री काय झालं?

सून: तिसऱ्या रात्री आईंनी झोपेत पुन्हा उशी पाठीशी ओढली. मी उठून बसले.

आई: आणि ही बया सकाळी मला म्हणते, आई, चहात साखर घालू का? चेहऱ्यावर काही नाही.

सून: साखर विचारणं सोपं होतं.

लेक: वहिनी, एक विचारू? तू हसशील, पण मी विचारतेच. परवा मी परत दुकानात जाईन. रोज लोक येतात, खोकल्याचं काहीतरी द्या म्हणतात. मी बाटली देते, पैसे घेते, पुढचं गिऱ्हाईक. मी त्यांना काय विचारू?

सून: किती दिवस झाले, ते विचारा. तीन आठवड्यांवर गेला असेल, थुंकीतून रक्त पडत असेल, वजन उतरलं असेल, आडवं पडल्यावर दम लागत असेल, तर बाटली नका देऊ, डॉक्टरांकडे धाडा.

लेक: ते मी विचारेनच. पण ते म्हणतील, काही नाही हो, रात्री झोप छान लागते. आईसारखंच.

सून: मग रात्री त्यांच्या शेजारी कोण झोपतं, ते विचारा. आणि त्याच्याशी बोला.